धोतरात गुंडाळलेला डायनॅमो

भूपाल,

तुझ्या शोकसभेला मी शेवटच्या रांगेत बसलो होतो. तिथून उठून जाणं सोपं पडतं, हे तूच शिकवलंस. पहिल्या रांगेत तक्क्यांची सोय होती आणि तक्क्यांना टेकायला आलेली माणसंही होती. त्यांपैकी एका संस्थेचे अध्यक्ष बोलायला उभे राहिले. तू चालतंबोलतं विद्यापीठ होतास, असं ते म्हणाले. इंग्रजी चौथीत शाळेच्या खिडकीतून पळालेल्या माणसाला हे ऐकायला मिळालं नाही, याचं मला वाईट वाटलं. मग ते म्हणाले, तू दीपस्तंभ होतास. तुझ्या कुंडलपासून समुद्र बराच लांब आहे, पण आपल्याकडे दीपस्तंभाशिवाय शोकसभा होत नाही.

हे भाषण मी आधी ऐकलं होतं. मागच्या हिवाळ्यात रहिमतपुरात एक निवृत्त मामलेदार वारले, त्यांनाही याच गृहस्थांनी याच समुद्रात उभं केलं होतं. तुझ्या सभेत मध्येच एकदा त्यांच्या तोंडून ‘मामलेदारसाहेबांच्या जाण्याने’ असं निघूनसुद्धा गेलं. मांडवात कुणाचं लक्ष नव्हतं. माझं कोपर मात्र आपोआप डावीकडे गेलं. तिथे तुझ्या भावकीतले एक म्हातारे बसले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मला जास्त जागा हवी आहे असं समजून ते सरकून बसले.

तू असतास तर म्हणाला असतास, “डबी निराळी मास्तर, माल त्योच.”

तुझं हे वाक्य मी वर्गात कितीदा वापरलं, ते तुला कधी सांगितलं नाही. एक राजवट जाऊन दुसरी आली आणि वसुली तशीच राहिली, हे मुलांना समजावताना मला पुस्तकांपेक्षा तुझं वाक्य कामाला आलं. कुणाचं म्हणून विचारलं की मी ‘एक जाणकार’ म्हणायचो. ऊसवाला म्हटलं असतं तर मुलांनी वहीत उतरवून घेतलं नसतं.

आपली ओळख त्याच रहिमतपुरातली. बाजारचा दिवस होता आणि माझी डॉज ऐन पेठेत वाफा टाकत उभी होती. ती गाडी माझी म्हणायची ती नावाला. सासरे वकील होते. हयातभर त्यांनी ती साताऱ्यात मिरवली आणि जाताना माझ्या पदरात टाकली. प्राध्यापकाच्या पगारावर असली गाडी बाळगणं म्हणजे कारकुनाने दारात हत्ती बांधणं. भोवती गर्दी जमली होती. “लय मोठी गाडी हाय गड्या,” एक जण म्हणाला. “व्हय, पर चालत न्हाई जनू,” दुसरा म्हणाला. तेवढ्यात मागून एक हिरवी गाडी येऊन थांबली आणि त्यातून तू उतरलास. धोतर, पांढरी टोपी, बाह्या वर केलेल्या. मला न विचारताच तू बॉनेट उघडलंस.

“पाण्याचा पंप गळतोय.”

“आपण मेकॅनिक का?” मी विचारलं.

“न्हाई. कुंडलला ऊस हाय माझा. पर माझ्याकडं बी हीच गाडी हाय.”

मी तुझ्या गाडीकडे पाहिलं. तोंडावळा निराळा, नाकावर छोटं शिडाचं जहाज, खाली इंग्रजी अक्षरं. “ही प्लिमथ आहे. माझी डॉज आहे,” मी म्हणालो.

“तुमी मास्तर हाय काय?”

“हो. कशावरून?”

“पाटी वाचून बोलताय म्हणून.”

गर्दी हसली. मलाही हसू आलं, पण जरा उशिराने. मग तू मला समजावलंस. कारखाना एक, साचा एक, इंजिन एक. फक्त विकणारे निराळे, म्हणून पुढची जाळी निराळी आणि नाव निराळं. डॉज, प्लिमथ आणि तिसरी डिसोटो. “एका आईच्या तीन लेकी हायत, मास्तर. तीन घरी दिल्या म्हणून आडनावं तीन.” असं म्हणत तू डिकीतून एक जुना पंप काढलास आणि पेठेतच धोतर खोचून खाली बसलास. तुझ्या गाडीचा पंप माझ्या गाडीला असा बसला, की जणू माहेरी आला.

निघताना तू माझ्या बॉनेटवरच्या मेंढ्याकडे बोट दाखवलंस. पॉलिश करून चकचकीत ठेवलेला तो शिंगं उगारलेला मेंढा सासऱ्यांचा फार लाडका. “हे मातर बराबर बसलंय,” तू म्हणालास. “आमी जैन, आमच्या नाकावर जहाज. तुमी मटणवाले, तुमच्या नाकावर मेंढा.”

त्यानंतर तू मला सांगलीच्या सुट्या भागांच्या दुकानात घेऊन गेलास. दाराबाहेर थांबवून तू मला ताकीद दिलीस, “आत तुमी बोलायचं न्हाई. तुमी तोंड उघडलं की किंमत वाढती.” आत जाऊन तू काउंटरवर हात टेकलास आणि हेड गॅस्केट, इंजिनात बसणारा तो भोकाभोकांचा पत्रा, मागितलंस. डॉज मोटारीचं मागितलंस, मग त्याच कारखान्याच्या फारगो ट्रकचं मागितलंस. दुकानदाराने दोन डब्या आणल्या. मोटारीची डबी चकचकीत, ट्रकची मळकी, आणि किमतीतला फरक त्या चकाकीएवढाच. तू दोन्ही गॅस्केटं बाहेर काढलीस, एकावर एक ठेवलीस आणि डोळ्यासमोर धरून त्यांच्या भोकांतून दुकानदाराकडे पाहिलंस.

“दिसताय तुमी,” तू त्याला म्हणालास. “सगळ्या भोकांतनं दिसताय.”

“आवं आण्णा, डबीचं बी पैसं पडत्यात की,” तो म्हणाला.

“डबी ठेवा तुमाला. मला आतलं द्या.”

परतताना तू इतका खुश होतास, की जकात नाक्यावर चहा तूच पाजलास. वाचवलेल्या पैशांत आणखी थोडे घालूनच तो चहा झाला, हे माझ्या लक्षात आलं होतं. काही हिशेब मोडण्यापेक्षा पाहण्यात मजा असते.

मग आपण दोघांनी मिळून ती तिसरी घेतली, कुणा संस्थानिकाच्या भावबंदांची डिसोटो. सांगलीत एका गोठ्यामागे ती कुजत पडली होती. तिच्या मालकाने आपल्याला बसवून घेऊन आजोबांच्या हत्तींची नावं सांगितली, आणि तू मान डोलावत त्याच वेळी मागच्या आसाचे बोल्ट तपासत होतास. बैल लावून ती कुंडलला आणली. तुझ्या शेडमध्ये दगडांवर चढवली. तू तिला थोरली म्हणायचास, तुझी मधली आणि माझी धाकटी. थोरलीने आपलं अंग एकेक करून दोघींना दिलं. दारं तुला, स्टार्टर मला, काचा तुला, स्प्रिंगा मला. शेवटी तिच्यात मांजर व्यालं, तेव्हा आत गादीसुद्धा उरलेली नव्हती. पिलांसाठी तू पोतं टाकलंस.

तुझ्या मुलीच्या, सुनंदाच्या लग्नाच्या आधी तुझ्या मधलीचा क्राऊन गेला. मागच्या चाकांना फिरवणारं ते दातेरी चक्र, त्याच्याशिवाय इंजिन नुसतं घुमतं आणि गाडी जागची हलत नाही. थोरलीचा आधीच संपला होता. तू साताऱ्याला आलास, माझ्या गाडीखाली शिरलास आणि माझा क्राऊन पोत्यात घालून एस.टी.ने घेऊन गेलास. नेमकं त्याच आठवड्यात आमच्या कॉलेजचं स्नेहसंमेलन होतं. पाहुणे म्हणून एक मंत्री येणार होते आणि प्राचार्यांनी त्यांची मिरवणूक माझ्या डॉजमधून ठरवली होती, मला न विचारता. मी त्यांना सांगितलं, “गाडी आहे सर, पण तिचा क्राऊन लग्नाला गेलाय.” त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. मंत्री टांग्यातून आले आणि हार घोड्याच्या वाटणीला आला. हे तुला सांगितलं तेव्हा तू मांडवाच्या खांबाला धरून हसलास आणि वरमाय तुला रागे भरली.

आपलं भांडण एकाच गोष्टीवरून होतं आणि ते मिटलं नाही.

थोरली संपली. मग आपण एकमेकांचं उचलायला लागलो. माझी चालायची तेव्हा तुझी दगडांवर असायची, आणि तुझी चालायची तेव्हा माझी. त्यात पेट्रोल कडाडलं. मी तुला शांतपणे मांडून दाखवलं, की दोन लंगड्या गाड्यांची मिळून एक धड गाडी होते. भाग सगळे आहेत, दोघांत मिळून. एकच ठेवू, सहा महिने तुझ्याकडे, सहा महिने माझ्याकडे. खर्च निम्मा. माझ्या आयुष्यात मी इतका बिनतोड युक्तिवाद दुसरा केलेला नाही.

तू ऐकून घेतलंस. मग ऊस सोलत म्हणालास, “न्हाई.”

“का नाही?”

“न्हाई म्हंजी न्हाई.”

“अरे, कारण तरी सांग. तूच म्हणतोस ना, पैसा वाचवायचा?”

तेव्हा तू एकदम चिडलास. चिडलास की तुझ्या तोंडून ‘तुमी’ जायचं आणि ‘तू’ यायचं, आणि मी आतून त्याचीच वाट पाहत असायचो. “तुला कळत कसं न्हाई रं? दोन हायत म्हणून तू हिकडं येतोस आन मी तिकडं. एक केली की कोण कुणाकडं जातंय? पन्नाशीतली दोन माणसं, ना सोयरीक, ना भावकी. काय म्हणून जायचं?”

मी म्हणालो, हे भावनेचं बोलणं झालं. तू म्हणालास, “व्हय, झालं.” आणि सोललेलं कांडं माझ्या हातात दिलंस. त्यानंतर मी हा विषय पुष्कळदा काढला, तुझ्या तोंडून तेच पुन्हा ऐकावं म्हणून. तू पुन्हा कधी बोलला नाहीस. “बघू” म्हणायचास. फक्त एकदा, बांधावर बसलो असताना, तू म्हणालास, “दोघातला जो म्हागं राहील, त्यानं करावी एक. आधी न्हाई.” मी म्हणालो, ठरलं. असं ठरवताना माणूस नेहमी आपणच आधी जाणार असं धरून चालतो. मीही धरलं होतं.

मी तुझ्याकडे कधी वेळेवर पोचलो नाही. सकाळी निघालो तरी कऱ्हाडपर्यंत काहीतरी तापायचं, तुटायचं, गळायचं. कुंडलला शिरेपर्यंत दिवे लागलेले असायचे. तू ओट्यावर बसलेला असायचास. “आला का धाकटीला घिऊन?” आणि आत हाक, “आवं, मास्तर आलं. ताट करा.” मी एकटाच जेवायचो. तू समोर बसून गाडीला काय झालं ते विचारायचास. दिवस मावळल्यावर तुम्ही जेवत नाही, हे मला ठाऊक होतं. “तू जेवलास ना?” मी दर वेळी विचारायचो. “कवाच,” तू म्हणायचास. आणि मी शेंगदाण्याच्या चटणीला पुन्हा हात घालायचो.

तार दुपारी मिळाली. माझी गाडी डायनॅमोवाचून दगडांवर होती. तूच निरोप धाडला होतास, की रविवारी ये, डायनॅमोची सोय करतो. रविवार यायचा होता. मी रेल्वेने निघालो. गाडी साताऱ्यालाच उशिरा आली आणि वाटेत कुठे कुठे विनाकारण थांबत राहिली. स्टेशनवर उतरलो तेव्हा सूर्य टेकला होता. कुणाचा तरी टेम्पो मिळाला. ओढ्यापलीकडून धूर दिसला आणि टेम्पोवाल्याने न विचारताच टोपी काढली.

तुमच्याकडे दिवस असतानाच उरकतात. बरोबरच आहे. तुझा चेहरा मला पाहायला मिळाला नाही. मी नेहमीसारखाच उशिरा आलो होतो, भूपाल. या वेळी तू थांबला नाहीस, एवढंच.

रक्षाविसर्जन झाल्यावर अजितने मला शेडमध्ये नेलं. तुझा मुलगा सरळ आहे, तुझ्यासारखा वाकड्यात बोलत नाही. तो म्हणाला, “काका, आण्णांचा तुमचा शब्द मला म्हाईत हाय. सगळी गाडी तुमचीच. ट्रॅक्टरची ट्रॉली देतो, येकदाच भरून न्या. मला हितं औषध मारायचं पंप ठेवायला जागा पायजे.” त्याचं म्हणणं रास्त होतं. मी तुझ्या मधलीकडे पाहिलं. सगळं होतं तिच्यात. क्राऊन होता, तो माझाच; मला तू मागून दुसरा मिळवून दिला होतास. दारं थोरलीची. नाकावर जहाज. एका आठवड्यात माझी गाडी धड झाली असती, इतकी धड की वाटेत एकदाही थांबली नसती. आणि मग पुन्हा कधी कुंडलला यायचं कारण उरलं नसतं.

मी बॉनेट उघडलं. डायनॅमोची जागा रिकामी होती. पट्टा नुसता लोंबत होता.

“तो काढलाय,” मागून वहिनी म्हणाल्या. त्या दारात उभ्या होत्या. फळीवरून त्यांनी एक गाठोडं उतरवलं. तुझ्या जुन्या धोतराच्या फडक्यात डायनॅमो गुंडाळलेला होता, घासूनपुसून. “तुमाला द्यायचा म्हणून जायच्या आदल्या दिशी काढला. मी म्हटलं, आवं आपली गाडी बंद पडंल. तर म्हणलं, पडू दे, मास्तर आला की जाईन मी त्याच्या गाडीतनं.”

मी गाठोडं हातात घेतलं. ते जड होतं. आणि मी नको ते बोलून गेलो. “वहिनी, मला दर वेळी उशीर झाला. या वेळीही.”

अजित चुळबुळत जहाजावरची धूळ पुसत होता.

“ते वाट बघायचे तुमची,” वहिनी म्हणाल्या. “मी म्हणायची, दिवस चाललाय, बसा आता. तर म्हणायचे, पाव्हणा वाटंत आन मी ताटावर? जरा थांब, येईल. थांबत थांबत दिवस मावळायचा. मग कसलं जेवण. पाणी बी न्हाई.”

“मला तर म्हणायचा, कवाच जेवलो.”

“तसंच म्हणायचे.”

मांजर थोरलीच्या सांगाड्यातून निघून माझ्या पायाशी आलं. मी तिथेच मडगार्डवर टेकलो. इतकी वर्षं मी तुझ्यासमोर बसून चटणी वाढून घेतली आणि तू उपाशी पोटी मला पंपाचं, प्लगचं विचारत राहिलास. तुझ्याशी मला आता यावरून भांडायचं आहे. मोठ्याने भांडायचं आहे. मामलेदारांच्या दीपस्तंभाला ते ऐकू गेलं तरी चालेल. तू एकदा तरी सांगायचं होतंस. मी रेल्वेने आलो असतो. मी पहाटे निघालो असतो. पण मग तू म्हणाला असतास, गाडी असताना रेल्वेनं कशाला, आणि भांडण पुन्हा तिथेच आलं असतं.

अजितने घसा साफ केला. “मग काका, ट्रॉली कवा लावू?”

“ट्रॉली नको,” मी म्हणालो. “आज एवढा डायनॅमो नेतो. बाकीचं एकेक नेईन, लागेल तसं.”

“आवं, पर तसं किती दिवस चालायचं? जागा…”

“राहू दे रं,” वहिनी म्हणाल्या. “पंप गोठ्यात ठेव.”

स्टेशनकडे निघालो तेव्हा त्या ओट्यापर्यंत आल्या. तुझी बसायची जागा त्यांनी सारवून घेतली होती. गाठोडं मी काखेला मारलं. ऊन अजून उसावर होतं.

“पुढच्या महिन्यात येतो, वहिनी,” मी म्हणालो. “स्टार्टर बघायला हवा.”

“या की,” त्या म्हणाल्या. “पर दिवस असताना या. मी बी थांबते.”